सांगली-मिरज रस्त्यावरचं एक एमआरआय सेंटर : फिटच्या पेशंटसाठी कितपत?

फलकावर मोठ्या अक्षरात ‘३ टेस्ला’ (चुंबकाची ताकद) लिहिलंय, आणि मशीन खरंच चांगलं आहे. पण ट्रॅक्टर ५५ एचपीचा असला तरी नांगर किती खोल लावलाय ते बघावंच लागतं. इथला नांगर म्हणजे प्रोटोकॉल, म्हणजे मेंदूच्या चित्रांचे काप कोणते आणि किती जाडीचे घ्यायचे याची ठरलेली पद्धत.

चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ असेल तर १५-२० मिनिटांत रूटीन स्कॅन उरकतात. काप ५ मिलिमीटरचे, मध्ये थोडी फट सोडून. लकवा, रक्तस्राव, मोठी गाठ यांना तेवढं बहुधा पुरतं. फिटचं तसं नाही. हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूच्या आतला आठवणींशी संबंधित भाग, जेमतेम ४-५ सेंटिमीटर लांब. तो सुकलेला असेल किंवा मेंदूच्या सालीत बारीकसा जन्मजात दोष असेल, तर जाड कापांत सहज निसटतो आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो.

म्हणून डॉक्टरांकडून ‘एपिलेप्सी (फिटचा आजार) प्रोटोकॉल’ असं स्पष्ट लिहून आणा. मग थ्री-डी टी१ आणि थ्री-डी फ्लेअर १ मिलिमीटरचे घेतात, शिवाय २-३ मिलिमीटरचे कोरोनल (या कानापासून त्या कानापर्यंत उभे) टी२ (टी१, टी२, फ्लेअर हे एमआरआय चित्रांचे प्रकार), हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात. वेळ ३०-४० मिनिटं. सेंटरची गफलत या काटकोनातच आहे. संध्याकाळच्या गर्दीत कोन न लावताच कोरोनल उरकतात, मग हिप्पोकॅम्पसचे आतले थर पुसट येतात. त्यात डोकं कललेलं राहिलं तर एक बाजू उगाचच बारीक दिसते. सकाळची वेळ मागून घ्या.

एसडब्ल्यूआय (रक्ताचे आणि चुन्याचे डाग टिपणारा एमआरआयचा प्रकार) मात्र न मागता घेतात, त्याचे पूर्ण मार्क. सिस्टिसर्कोसिसची (मेंदूत शिरलेल्या टेपवर्मच्या अळीची) चुना साठलेली जुनी गाठ रूटीन एमआरआयमध्ये सुटते; ती एसडब्ल्यूआय किंवा साधा सीटी पकडतो. कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारं शिरेतलं औषध) सरसकट टोचत नाहीत, हेही बरं. गाठ, टीबी किंवा जंतुसंसर्गाची शंका असेल तरच, आणि त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात.

दारावरची तपासणी कडक. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र), मेंदूतली क्लिप विचारतात. साडीच्या आतल्या निरीतली सेफ्टी पिन, केसांतला यू-पिन, गळ्यातला ताईत, सगळं काढून गाउन देतात. दातांना तारा असतील तर आपणहून सांगा. डिफ्यूजन नावाच्या चित्रांत टेम्पोरल लोबचा (मेंदूच्या कानाजवळच्या भागाचा) खालचा भाग त्यामुळे वाकडातिकडा येतो. लहान मुलाला झोपेचं औषध देणार असतील तर ६ तास खाणं बंद, नुसतं पाणी २ तास आधीपर्यंत. हे फोनवर नीट सांगत नाहीत आणि मूल दूध पिऊन आलं की नंबर जातो.

सर्वांत मोठी तक्रार निकाल देण्याच्या पद्धतीची. एका फिल्मवर पोस्टाच्या तिकिटाएवढी २० चित्रं आणि व्हॉट्सॲपवर जेपीजी. त्यावरून न्यूरोलॉजिस्टला हवा तसा काप पुन्हा पाडता येत नाही. डायकॉम फाइल्सची (मशीनमधल्या मूळ चित्रांची) सीडी मागावी लागते. मागितली की देतात. जत-अथणीहून आलेल्यांनी ती काउंटरवरच उघडायला लावावी, थ्री-डी फ्लेअरची दीडशेच्या आसपास चित्रं आहेत का बघावं आणि मगच एसटी पकडावी.