चार सिलिंडरच्या गाडीला तीन इंजेक्टर : माझे १,८३,००० रुपये कसे गेले

एक लाख त्र्याऐंशी हजार रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण कित्येक महिने तो मी घरातसुद्धा खरा सांगितला नव्हता. बायकोला एक लाख वीस सांगितले होते, मुलीला नुसतं "थोडे पैसे अडकलेत" म्हणालो होतो. आता लिहितोय ते कराडच्या एका ओळखीच्या गृहस्थांमुळे. त्यांच्याकडे ८२ ची पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट गाडी आहे. ज्या गॅरेजवाल्याने मला फसवलं त्यानेच त्यांनाही "कार्ब्युरेटर काढा, एफआय करून देतो" असं सांगितलंय (कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा जुना भाग, एफआय म्हणजे त्याऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं फ्युएल इंजेक्शन) आणि ते ॲडव्हान्स द्यायला निघाले होते. त्यांना थांबवलं. पण असे अजून किती असतील कोण जाणे.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७७ ची. वडिलांनी घेतलेली. त्या काळी फियाटसाठी नंबर लावून किती वर्षं थांबावं लागायचं हे जुन्या लोकांना सांगायला नको. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर, डायनामो, सोलेक्सचा कार्ब्युरेटर. वडील साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वरला न्यायचे तेव्हा एप्रिल-मेमध्ये केळघरच्या घाटात गाडी हमखास बसायची. मग इंजिनवरच्या पेट्रोलच्या तापलेल्या पंपावर ओला फडका ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा निघायचं. ज्यांनी पद्मिनी चालवली आहे त्यांना हा फडका माहीत आहे. वडील गेल्यावर गाडी सहा वर्षं शेडमध्ये उभी होती. निवृत्तीनंतर ती रस्त्यावर आणायची एवढी एकच इच्छा मी धरली होती.

पुण्याबाहेर हायवेलगतचं हे गॅरेज एका लग्नात कुणीतरी सुचवलं. मालक पस्तिशीचा, बोलायला गोड. पहिल्या भेटीत त्याने जे सांगितलं त्यातलं काहीच खोटं नव्हतं, हे मला आजही खुपतं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं. खरं. इथेनॉल पाणी धरतं, जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा खातं. खरं. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, कार्ब्युरेटरला ते ओळखता येत नाही, इंजेक्शनवाल्या गाडीचा सेन्सर ओळखतो. तेही खरं. उंचीवर हवा विरळ झाली की कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त ओततो. हेही खरं, घाटात मी स्वतः अनुभवलंय. "काका, दोन वर्षांत हा कार्ब्युरेटर सडून जाईल. इंजिन खोलतोच आहोत तर एकदाच एमपीएफआय करून टाका, पुन्हा बघायला नको."

लोक म्हणतात तुला कळलं कसं नाही. अहो, माणूस एका मागोमाग चार खऱ्या गोष्टी सांगतो तेव्हा पाचवीवर संशय घ्यायचा कसा? मी काही अडाणी नाही. एकतीस वर्षं बँकेत काढली, दुसऱ्यांचे कर्जाचे कागद तपासले. पण तिथे कागद समोर असायचा. इथे वडिलांची गाडी समोर होती.

त्याने दिलेला अंदाज असा : इंजिन पूर्ण बांधणी, म्हणजे बोअर (झिजलेले सिलिंडर आतून नव्याने कापणं), नवे पिस्टन-रिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह, ६२,००० रुपये. इंजेक्शनचा "नवा कोरा किट" १,१८,०००. वायरिंग १४,५००. ट्यूनिंग १२,०००. एकूण २,०६,५००. हे सगळं व्हॉट्सॲपवर, एका ओळीत, ना सही ना शिक्का. तिथेच थांबायला हवं होतं. कुणी तुम्हाला असा अंदाज पाठवला तर लेटरहेडवर मागा, जीएसटी क्रमांकासकट. दोन दिवसांत आला नाही तर दुसरं गॅरेज बघा.

९ मार्च २०२५ ला ४०,००० पाठवले. २० मार्चला किटची ऑर्डर म्हणून ७८,०००. म्हणजे १,१८,००० पूर्ण, किट अजून डोळ्यांनी न बघता. आणि २२ मार्चला रात्री त्याने फोटो पाठवला.

या फोटोवर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण तो अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि आजही आठवड्यातून एकदा मी तो उघडतो. खाकी पुठ्ठ्याचा खोका, आत बबलचं प्लास्टिक, त्यावर एक ॲल्युमिनियमची दांडी. तिला फ्युएल रेल म्हणतात, याच दांडीवर इंजेक्टर बसतात. बाजूला ईसीएमचा, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा डबा, त्याच्यावरचं लेबल खरवडलेलं. मी मोठ्या आनंदाने तो फोटो धाकट्या भावाला पाठवला. तो इचलकरंजीला यंत्रमागाच्या दुरुस्तीत असतो, गाड्यांशी त्याचा संबंध नाही. त्याचं लगेच उत्तर आलं, "दादा, हे तीनच कसे?"

तीन. पद्मिनीचं इंजिन चार सिलिंडरचं आहे. प्रत्येक सिलिंडरला एक इंजेक्टर, म्हणूनच त्याला मल्टिपॉइंट म्हणतात, एमपीएफआयमधलं एमपी ते हेच. तीन सिलिंडर मारुती ८०० ला असतात, आणि ८०० ला २००० च्या सुमारास एमपीएफआय आलं. म्हणजे ती दांडी भंगारातल्या ८०० ची होती. हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही, चारपर्यंत मोजता यायला हवं. माझ्या भावाने मोजलं. मी त्याला काय लिहिलं? "तू तुझं बघ, तिथे माणूस वीस वर्षं हेच काम करतो." तरीही मनात राहिलं म्हणून सकाळी गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, चौथा वेगळ्या पार्सलने येतो." आणि मी ते ऐकून फोन ठेवला. चौथा इंजेक्टर वेगळ्या पार्सलने! रेलला चौथं भोकच नव्हतं, तो बसणार कुठे? भावाची मी नंतर माफी मागितली. तो काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

२६ एप्रिलला इंजिनच्या कामाचे ४५,००० दिले. १४ जूनला "लेथवाला रोख मागतोय" म्हणून २०,००० रोख, पावती नाही. रोख देऊ नका. लेथवाला असो नाहीतर त्याचा बाप, रोख देऊ नका. त्या वीस हजारांचा आज माझ्याकडे काहीच पुरावा नाही. ग्राहक आयोगासमोर माझे वकील फक्त १,६३,००० सिद्ध करू शकतील.

जुलै सगळा "सेन्सर अडकलाय", "प्रोग्रामर गावाला गेलाय" यात गेला. ३ ऑगस्टला, रविवारी, न कळवता गेलो. गाडी मागच्या बाजूला ताडपत्रीखाली. बॉनेट उघडलं तर इंजिनला चकचकीत चंदेरी रंग, आणि कार्ब्युरेटरच्या जागी फडका कोंबलेला. कार्ब्युरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणारा मॅनिफोल्ड नाही. पेट्रोलचा पंप नाही. प्लगना ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रीब्युटर नाही. "एफआयला ते लागत नाही काका, जुनं सामान स्क्रॅपला गेलं." मला न विचारता. माझ्या गाडीचे काढलेले भाग माझे असतात, हे गॅरेजला पहिल्या दिवशी लिहून द्यायला लावा, आणि प्रत्येक काढलेला भाग त्याच दिवशी पिशवीत घालून घरी आणा.

गाडी उचलून साताऱ्याला आणायचे ६,५०० वेगळे. इथल्या एका मिस्त्रींना दाखवली. त्यांनी पूर्वी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींची कामं केलेली आहेत, २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नव्हते असं त्यांची मुलगी सांगते. त्यांनी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण उतरवलं. गॅस्केट नवं, बाकी सगळं जुनं. बोअर केलेलाच नाही. बोअर केलं की सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या जाळीसारख्या बारीक रेघा दिसतात. तिथे वरच्या कडेला बोटाला लागेल एवढी झीज होती. पिस्टन जुनेच, वर काजळीसकट. रंग तेवढा बाहेरून मारलेला. म्हणजे ४५ आणि २० हजारांत मला एक गॅस्केट आणि एक डबा रंग मिळाला.

मग मिस्त्रींनी मला जे सांगितलं ते फेब्रुवारीत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कार्ब्युरेटरला पेट्रोल पाव बारच्या आसपास दाबाने लागतं, तेवढं इंजिनवरचा छोटा पंप देतो. इंजेक्शनला साधारण तीन बार लागतात. म्हणजे टाकीत विजेचा पंप, उलट टाकीकडे जाणारी दुसरी नळी, वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी पंप कोरडा पडू नये म्हणून टाकीत आड पत्रे. क्रँकच्या पुलीवर दातांचं चाक आणि त्याचा सेन्सर. सायलेन्सरच्या पाइपला भोक पाडून ऑक्सिजन सेन्सर. आणि या सगळ्याला सतत नीट वीज, जी डायनामो आयडलिंगला देऊच शकत नाही. म्हणजे आधी डायनामोच्या जागी कमी वेगातही वीज देणारा अल्टरनेटर. त्या माणसाने सहा महिन्यांत एकदाही माझ्या टाकीचं किंवा डायनामोचं नाव काढलं नव्हतं. जो एफआय करून देतो म्हणतो आणि टाकी खोलून बघत नाही, तो एफआय करणार नाहीये. एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा.

इंजेक्शन वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या मुलीच्या गाडीत आहे, थंडीत एका किल्लीत सुरू होते, चोक ओढायला नको. पण ती गाडी त्यासाठीच बनलेली आहे. इथेनॉलवर पद्मिनीला उपाय काय? मिस्त्रींनी केला तो : इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, पंपाला नवा पडदा, मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा, टाकी आतून साफ, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल राहू द्यायचं नाही. नळ्या आणि जेट मिळून ६४० रुपये. माझंच गेलेलं सामान परत उभं करायला टॅक्सीतून निघालेला सोलेक्स ४,२००, पंप १,८५०, मॅनिफोल्ड २,५००, डिस्ट्रीब्युटर ३,४००. सगळं धरून १२,५९० रुपये. इंजिनचं खरं काम अजून चालू आहे, त्याचा हिशेब वेगळा.

अजून एक गोष्ट मला कुणीही सांगितली नाही. २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांचा वेगळा नियम आहे. ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली गाडीच त्यात बसते. माझ्या गाडीला २०२७ मध्ये ५० पूर्ण होतील. एफआय खरंच झालं असतं तर कदाचित तो हक्कही गेला असता! मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, हे मी आरटीओत जाऊन विचारलं तेव्हा कळलं, तेही तिसऱ्या खिडकीवर. पहिल्या खिडकीवरच्याने "एजंटला विचारा" म्हणून हात झटकले, दुसऱ्याने मान वर केली नाही.

आणि पोलीस ठाणे. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. तिसऱ्या दिवशी ऐकवलं, "गाडी तुम्हीच नेऊन दिलीत, पैसे तुम्हीच पाठवलेत, यात गुन्हा कुठंय? हे सिव्हिल मॅटर आहे." माझ्या गाडीचे चार भाग काढून विकले, त्याला सिव्हिल म्हणतात? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचं आहे, ३१६ विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटण्याचं आहे, हे मी छापून नेलं होतं. हवालदारांनी कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. ते दृश्य मी विसरणार नाही. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला बाकावर अडीच तास बसवून ठेवायचं आणि मग म्हणायचं की काका, या वयात कशाला हे जुने शौक. ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर तिथेही तेच : तुम्ही स्वखुशीने पैसे भरलेत. मग फसवणूक म्हणजे काय, माणूस नाखुशीने पैसे देतो तेव्हाची? सगळे फसलेले लोक आपल्या हातानेच पैसे देतात, साहेब!

ठाण्याने घेतलं नाही तर लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ती सोय आहे. मी पाठवली, पोच आली, पुढे शांतता. ग्राहक आयोगाचा मार्ग त्यातल्या त्यात बरा. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मी नोव्हेंबरात तक्रार दाखल केली. पहिल्या तारखेला गॅरेजवाला आलाच नाही.

पैशांचं जे होईल ते होईल. मला तो कार्ब्युरेटर परत हवाय. जुनी फियाट राखणाऱ्या, कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सामान शोधत फिरणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे. सोलेक्स दिसला तर उलटा करून बघा. फ्लोटच्या डब्याखाली कानशीने घासून केलेल्या तीन आडव्या खुणा आहेत, आणि त्यांच्या शेजारी खिळ्याने कोरलेलं "७७". वडिलांनी ८४ साली तो पहिल्यांदा स्वतः खोलला तेव्हा केलेलं.