परभणीत लॅपटॉप दाखवायचा असंल तर: स्टेशन रोडच्या गल्लीतलं छोटं दुकान, ५ पैकी ४

लॅपटॉप पाच वर्षाचा. मार्चपासून मधीच बंद पडायला लागला, कधी निळी स्क्रीन येऊन रिस्टार्ट, तर कधी काहीच नाही, लाईट गेल्यावानी फट्कन अंधार. मी झेडपीचा मास्तर, एप्रिलात निकालपत्रकं एक्सेलमधी भरायलो, चाळीस पोरांचे गुण टाकून झाले अन् सेव्ह दाबायच्या आधी गेलं सगळं. दोनदा झालं असं. तिसऱ्यांदा झालं तवा बायको म्हणली, द्या फेकून त्याला.

आधी पहिल्या दुकानाचं सांगतो, नाव घेत नाही. मोठी काच, एसी, आत गेलं की गार वाटतं तेवढंच. पोरानं दोन मिनिटं बघितल्यावानी केलं अन् म्हणला फॉरमॅट मारावं लागंल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. कशानं व्हायलंय विचारलं तर म्हणे मायक्रोसॉफ्टचाच प्रॉब्लेम हाय सर, सगळ्या जगात ब्लू स्क्रीन आल्या, बातम्यात बघितलं नाही का. आता ती बातमी १९ जुलै २०२४ ची, क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटनं ८५ लाख मशीन पडल्या होत्या, पण ते सॉफ्टवेअर विमान कंपन्या, बँका, हॉस्पिटल असल्यांकडं असतंय, मास्तरच्या घरी कुठून येणार? हे मला पोरीनं घरी आल्यावर सांगितलं, तोवर ६०० रुपये देऊन बसलो होतो. डेस्कटॉपवरचे स्नेहसंमेलनाचे फोटो गेले, मराठी कीबोर्ड गेला, अन् तिसऱ्या दिवशी निळी स्क्रीन परत हजर.

मग शाळेतल्या एका मॅडमनं हे दुकान सांगितलं. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची खोली, एक टेबल, एक स्टूल, अन् भिंतीला खिळ्यावर टांगलेले जुने मदरबोर्ड. दुकानवाल्या भाईनं पहिलं स्क्रूड्रायव्हर नाही उचलला, पहिलं विचारलं: कवापासून? चार्जर लावलेला असताना का नुसत्या बॅटरीवर? दुपारी जास्त का रात्री? वर्षभरात नवीन काय टाकलं आत? फॉरमॅट मारून आणला म्हणल्यावर मात्र त्याचं तोंड वाकडं झालं. "फॉरमॅट मारके क्या करते सर, मर्ज दूसराच है." आधीच्या सगळ्या क्रॅशच्या नोंदी आतच असतात म्हणे, त्या फॉरमॅटमधी पुसल्या गेल्या. म्हणजे मी ६०० रुपये देऊन पुरावाच जाळला होता.

तरी फॉरमॅटनंतरच्या दहा-बारा दिवसाचं होतं थोडंफार. स्टार्टमधी रिलायबिलिटी टाईप केलं की एक तक्ता उघडतो, तारखेप्रमाणं लाल फुल्या दिसतात, हे मला आजवर माहीतच नव्हतं. इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही, तिच्यामधी कर्नल पॉवर ४१ अशी ओळ सारखी यायली, मला वाटलं सापडला चोर. तर म्हणला, ही ओळ फक्त एवढंच सांगती की मशीन नीट बंद न होता परत चालू झाली, कशामुळं ते सांगत नाही. मग विंडोजच्या फोल्डरात मिनीडंप म्हणून फोल्डर हाय, निळी स्क्रीन आली की तिची फाईल तिथं पडती, तिथल्या चार फायली बघितल्या. चारीमधी एरर वेगवेगळा. एकच एरर अन् एकाच ड्रायव्हरचं (एखादा पार्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव परत परत आलं असतं तर आधी ड्रायव्हर धरला असता, पण दर बारीला नवीन नाव यायलंय म्हणजे माझा डाऊट रॅमवर, असं त्याचं म्हणणं.

तवा मला आठवलं, मागच्या दिवाळीत ऑनलाईन ८ जीबीची रॅम मागवून भाच्याकडून टाकून घेतली होती. भाई नुसता हसला.

रात्रभर पेनड्राईव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, लावून ठेवली. सकाळी गेलो तर स्क्रीनवर लाल ओळीच ओळी. रॅम काढली, तिच्या सोनेरी दातावर पोरांचं असतं तसलं खोडरबर फिरवलं, परत लावली, परत लाल. काढून टाकली अन् बोर्डवरच्या मूळ ४ जीबीवर टेस्ट लावली तर एकबी लाल ओळ नाही. एका टायमाला एकच गोष्ट बदलायची, ही त्याची पद्धत मला लई आवडली.

पण त्या फट्कन अंधाराचं काय? ते दुखणं वेगळंच निघालं. निळी स्क्रीन न येता जाणं म्हणजे बहुतेक गरमी नाहीतर करंट, म्हणून त्यानं लोड देऊन टेम्परेचर बघितलं, ९८ डिग्री. मागचं झाकण उघडलं तर फॅनच्या तोंडाला धूळ अन् सरकीच्या बारीक तंतूचा असा थर की बोटानं अख्खा उचलला, वाकळेच्या तुकड्यावानी. आमचं घर जिनिंगच्या बाजूला, अन् मी लॅपटॉप गादीवर ठेवून काम करायलो. वरून परभणीचा एप्रिल. साफ करून प्रोसेसरवरची गरमी बाहेर काढणारी पेस्ट बदलली, आता त्याच लोडवर ७५ च्या पुढं जाईना.

सगळे मिळून ४५० रुपये. नवीन रॅम गळ्यात मारायचा चान्स होता, पण म्हणला वॉरंटी असंल, बिल मेलमधी शोधा, कंपनी बदलून देईल. बिल सापडलं, रॅम पाठवली हाय. तोवर ४ जीबीवर गाडी बैलगाडीच्या स्पीडनं चालू, पण तीन आठवड्यात एकदाबी बंद पडली नाही.

एक स्टार कापला त्याची कारणं: उद्या देतो म्हणून तीन दिवस लावले, फोन उचलत नाही, बिल मागितल्यावर वहीचं पान फाडून लिहून दिलं, अन् मागच्या झाकणाचे दहा स्क्रू गेले होते, आठच परत आले. सांगितलं तर म्हणे आठवर बी चलता सर. चालतंय खरं, पण एका कोपऱ्याला करकर वाजतंय.

शुक्रवारी दुपारी जाऊ नका, शटर अर्धं खाली असतं. चार्जर सोबत न्या, मी विसरलो होतो अन् उन्हात परत घरी यावं लागलं.