हानिया की ऱ्होड्स? ग्रीसमधलं एकच जुनं बंदर बघायचं असेल तर

अथेन्स आणि सँटोरिनी बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं. वाद होतो तो तिसऱ्या मुक्कामावरून. "एखादं जुनं बंदर बघू या," असं घरात कुणीतरी म्हणतं आणि दोन नावं पुढे येतात: क्रीट बेटावरचं हानिया आणि ऱ्होड्स बेटावरचं ऱ्होड्स शहर. (इंग्रजी स्पेलिंग बघून 'चानिया' म्हणू नका. ग्रीक उच्चार 'हन्या'च्या जवळ जातो.) दोन वेगवेगळ्या वर्षी मी दोन्हीकडे राहून आलोय. थोडक्यात सांगायचं तर हानियाला बसायचं असतं आणि ऱ्होड्सला चालायचं असतं.

हानियाचं बंदर म्हणजे गावाचं अंगण. वळणदार धक्का, काठाने व्हेनिसच्या अमलातली पिवळी, गेरूच्या रंगाची घरं, पश्चिमेच्या टोकाला फिर्कास किल्ला. १ डिसेंबर १९१३ ला क्रीट ग्रीसमध्ये सामील झालं, तेव्हा झेंडा इथेच चढला. समोर लांबलचक बांधाच्या टोकाला दीपस्तंभ आहे. मूळचा व्हेनिसचा, पण आज दिसतो तो १८३० च्या दशकात क्रीट इजिप्तच्या ताब्यात असताना नव्याने उभारलेला, म्हणून तो मिनारासारखा वाटतो. धक्क्यावरच घुमटांची एक मशीद आहे. तुर्कांनी १६४५ मध्ये शहर घेतलं, त्यानंतरची. पूर्वेला गलबतं ओढून ठेवायच्या कमानदार दगडी शेड आहेत. एकेकाळी सतरा होत्या, आता सलग अशा सात उरल्यात. चार सत्तांच्या खुणा कॉफीच्या एकाच टेबलावरून दिसतात आणि त्यासाठी तिकीट काढावं लागत नाही.

बंदर म्हणून मात्र हे कधीच फारसं चांगलं नव्हतं. तोंड उत्तरेला, त्यामुळे उत्तरेचा वारा सुटला की लाटा थेट धक्क्यावर चढतात. एका ऑक्टोबरच्या संध्याकाळी मी निवांत बसलो होतो आणि वेटर अचानक खुर्च्या उचलून आत पळायला लागले. का, ते बुटात पाणी शिरल्यावर कळलं. मोठी जहाजं इथे येतच नाहीत. ती सात-आठ किलोमीटरवरच्या सूदाच्या बंदरात लागतात.

ऱ्होड्सचं मांद्राकी बंदर त्यामानाने पाच मिनिटांचं काम. तोंडाशी खांबांवर दोन हरणं, बांधावर तीन पवनचक्क्या, टोकाला बुरूज. कोलोसस हा प्राचीन भव्य पुतळा इथेच दोन्हीकडे पाय रोवून उभा होता आणि खालून जहाजं जायची, अशी गोष्ट ऐकायला मिळेल. ती नंतरच्या लोकांची कल्पना. सुमारे तेहतीस मीटरचा तो पुतळा इसवीसनपूर्व २२६ च्या सुमारास भूकंपात पडला. तो नेमका कुठे उभा होता, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

खरी मजा बंदराच्या मागे आहे. सुमारे चार किलोमीटरचा तट आणि त्याच्या पायाशी कोरडा खंदक. खंदकात उतरून चालता येतं, तेही फुकट. जंजिरा, विजयदुर्ग पालथे घातलेल्या माणसाला इथून हलवणं अवघड जातं. दोन्हीकडे उंच भिंती आणि मधल्या गवतात अजून पडलेले दगडी तोफगोळे. सेंट जॉनच्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या पंथाने १३०९ पासून हे शहर धरून ठेवलं. १४८० चा तुर्कांचा वेढा त्यांनी परतवला, पण १५२२ मध्ये सुलतान सुलेमानने सहा महिने वेढा घालून त्यांना हटवलं. या योद्ध्यांच्या रस्त्यावर फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश अशी भाषावार निवासस्थानं ओळीने उभी आहेत. पंथप्रमुखाचा महाल बघताना एक लक्षात ठेवा: मूळ इमारत १८५६ मध्ये तोफेच्या दारूच्या स्फोटात उडाली. आजची, बेट इटलीच्या ताब्यात असताना, इटालियनांनी १९३७ ते १९४० मध्ये उभारलेली, आणि आतल्या जमिनीवरची मोझेक कोस बेटावरून आणलेली. मला ती जरा नाटकाच्या सेटसारखी वाटली. खंदक मात्र अस्सल.

ऱ्होड्सची अडचण म्हणजे क्रूझ. जहाजं तटाला लागूनच थांबतात आणि दहा वाजले की जुन्या शहरातल्या सोक्रातूस या बाजाररस्त्यावर दादर स्टेशनचा पूल होतो. चारनंतर गर्दी ओसरते. तटाच्या आत राहणार असाल, तर गल्ल्यांत उभे गोटे बसवलेत हे ध्यानात ठेवा. माझ्या ट्रॉली बॅगेचं एक चाक तिथेच राहिलं.

दोन्ही गावांतल्या जुन्या ज्यू वस्त्या १९४४ च्या उन्हाळ्यात संपल्या. हानियाच्या लोकांना नेणारं जहाज बुडालं, ऱ्होड्सच्या लोकांना नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीला नेलं. सिनेगॉग दोन्हीकडे आहेत. ऱ्होड्सचं १५७७ चं. अर्धा तास काढून जाच.

जेवणात, विशेषतः शाकाहारी असाल तर, हानिया सरळ पुढे. दुधी-काकडीच्या नात्यातल्या झुकिनीचा, बटाटा आणि मिझिथ्रा चीज घातलेला बुरेकी, भिजवलेल्या कडक पावावर टोमॅटो घातलेला डाकोस आणि होर्ता: उकडलेल्या रानभाज्या, वरून ऑलिव्ह तेल आणि लिंबू. आपल्याकडे पावसाळ्यात टाकळा खाणाऱ्याला ही चव परकी वाटणार नाही. ऱ्होड्सला छोल्यांची भजी मिळतात, पितारुदिया नावाची, आणि ती छान असतात. 'उपासाचं' म्हणून काही मागवलंत तर मात्र सावध राहा. ग्रीक उपासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात.

दिवस किती आहेत, हा खरा प्रश्न. तीनच असतील आणि गाडी चालवायची नसेल, तर ऱ्होड्स घ्या. शहर पायी होतं आणि पन्नास किलोमीटरवरच्या लिंदोसला बस जाते. पाच-सहा दिवस असतील तर हानिया. सामारियाची सोळा किलोमीटरची घळ, एलाफोनिसीची पुळण, बालोस हे सगळं तिथून करता येतं, मात्र गाडी चालवायची असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातूनच काढून न्यावं. क्नोसोस, म्हणजे क्रीटवरच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष, 'जाता जाता' बघू म्हणू नका, ते दीडेकशे किलोमीटरवर आहे. पिरेयसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, रात्रीची बोट सूदाला सकाळी पोचवते. ऱ्होड्सचा बोटीचा प्रवास त्याहून बराच लांब, तिथे अथेन्सहून विमानच बरं.

ऱ्होड्सहून तुर्कस्तानातलं मार्मारिस बोटीने तासाभरावर दिसतं आणि मोह होतो. तुमचा शेंगेन व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर त्या बोटीत पाय ठेवू नका, परत येता येणार नाही.

नोव्हेंबर ते मार्च जायचं असेल तर विचार करायचं कारणच नाही, हानियाच घ्या. ऱ्होड्सच्या तटाच्या आत बरीचशी दुकानं, खानावळी बंद असतात. हानियाला विद्यापीठ आहे, त्यामुळे गाव चालू असतं. पाऊस मात्र पडतो. आणि खोली घेताना धक्क्यावरची बाल्कनी बघून भुलू नका. एक गल्ली मागे घ्या. स्वस्त पडते, आणि रात्री खालच्या बारचा आवाज ऐकत जागावं लागत नाही.