स्क्वॉट मारताना पाय जवळ की फाकवून?

दादरच्या आमच्या जिममधला एक मुलगा परवा विचारत होता, "दादा, पाय खांद्याइतके ठेवू की आणखी फाकवू?" स्क्वॉटमध्ये, म्हणजे वजन घेऊन उठाबशा काढताना, खाली बसलं की त्याच्या जांघेत टोचतं.

भार कुठे जातो ते आधी पाहू. पाय फाकवले की गुडघे पुढे कमी जातात, नडगी उभी राहते आणि काम खुब्याकडे सरकतं. नितंबाचे आणि मांडीच्या आतले स्नायू जास्त राबतात. खांद्याइतक्या अंतरावर गुडघे पुढे जातात, मांडीचा पुढचा भाग जास्त भार उचलतो. घोटा ताठ असेल तर टाच उचलली जाते.

किती खाली बसता येतं याचं गणित मात्र हाडांवर आहे. खुब्याची खोबण प्रत्येकाची वेगळी. पाय जवळ ठेवून खूप खाली गेलं की काहींना जांघेत चिमटा बसतो. थोडं फाकवून पावलं १५ ते ३० अंश बाहेर वळवली की बऱ्याचदा जागा होते. गुडघा पावलाच्याच दिशेत हवा, यात तडजोड नको.

मांडी भरायची आहे, घोटा मोकळा आहे, तर खांद्याइतकं अंतर. गुडघा कुरकुरतो किंवा नितंबावर काम हवं, तर रुंद. मांडीच्या आतला स्नायू ओढला गेला असेल तर रुंद टाळा. या मुलाला मी थोडं फाकवून, हलक्या वजनाने करायला सांगितलं. टोचणं राहिलंच तर आधी फिजिओ, मग वजनाचा बार.