फ्लोट ट्यूबचं सामान घरी बनवताना: पीव्हीसी पाइप घ्यावा की चॉपिंग बोर्ड?

फ्लोट ट्यूब म्हणजे पाण्यावर बसून मासे पकडायची, हवा भरलेली, यू आकाराची बैठक. पाय पाण्यात सोडायचे, पायांत फिन्स (पोहण्याचे रबरी पंखे) घालायचे आणि पाठमोरं वल्हवत जायचं. ट्यूब घेऊन झाली की लगेच प्रश्न सुरू होतात. दुसरा रॉड (गळाची काठी) कुठे ठेवायचा? फिश फाइंडर (खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) कशावर बसवायचा? वारा सुटला तर जागेवर कसं थांबायचं? बाजारात या सगळ्यासाठी तयार वस्तू आहेत. पण यातलं बरंचसं घरी उत्तम होतं आणि तुमच्या हाताच्या मापाचं होतं. काही गोष्टी मात्र घरी करूच नयेत.

डोळ्यांसमोर एक जागा ठेवून बोलू: कॅलिफोर्नियातला क्राउली लेक. ओवेन्स नदीवर १९४१ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचा हा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ६,७८० फुटांवर आहे. लॉस एंजेलिसची मराठी मंडळी ३९५ नंबरच्या रस्त्याने मॅमथ लेक्स गावाला जाताना याच्या जवळूनच जातात. इथे ट्राउटसाठी डासासारख्या किड्यांच्या अळ्यांची नक्कल करणारी बारीक बनावट माशी (फ्लाय) इंडिकेटरखाली, म्हणजे तरंगणाऱ्या खुणेखाली, तळापासून जेमतेम फूटभर वर टांगतात. म्हणजे खोली अचूक कळायला हवी आणि ट्यूब हलायला नको. त्यात दुपारी वारा उठतो. प्रत्येक जोडणीची परीक्षा अशाच पाण्यावर होते.

माझ्या कसोट्या दोनच. वस्तूने हवेच्या कप्प्याला ओरखडाही काढता कामा नये, आणि अडचणीच्या वेळी ती एका हाताने सुटली पाहिजे. उजनीत ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावणारे मच्छीमार तुम्ही पाहिले असतील, तर ट्यूबवर किती थोड्या सामानात भागतं हेही ठाऊक असेल.

आधी रॉड होल्डर. स्पिनिंग रॉड (रिळाच्या खालीही मूठ असलेला) असेल तर दीड इंची पीव्हीसी पाइपला तोड नाही. आतली पोकळी साधारण ४१ मिलिमीटर, त्यात बहुतेक मुठी आरामात बसतात. पाइपचं तोंड थोडं पसरट केलं तर न बघताही रॉड आत जातो. त्यासाठी पाइपचं टोक उकळत्या पाण्यात धरायचं. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मग काचेच्या बाटलीच्या खांद्यावर ते दाबून बसवायचं आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचं. थेट ज्योतीवर धरू नका. पीव्हीसी करपलं की आम्लाचा धूर निघतो, तो छातीत जाऊ देऊ नये.

बनावट माशी फेकायच्या फ्लाय रॉडचं गणित वेगळं. त्याचं रीळ मुठीच्या अगदी खाली असतं, त्यामुळे साध्या पाइपात रॉड शिरतच नाही. पाइपला वरून खालपर्यंत उभी खाच पाडावी लागते, म्हणजे रिळाचा पाय त्या खाचेतून सरकतो आणि रीळ बाहेर राहतं. खाच पाडली की पाइप थोडा लवचीक होतो आणि कडा धारदार राहतात. तिथे पॉलिश पेपरला वेळ द्या. पाइप नको असेल तर अर्धा इंच जाडीचा प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड घ्या. जिगसॉने त्यात यू आकाराचे दोन खाचे कापा, एक पुढे आणि एक मागे, आणि रॉड आडवा ठेवा. मासा लागल्यावर तो नुसता वर उचलायचा. फ्लायवाल्यांनी बोर्डच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दोन्ही साहित्यांचे स्वभाव बघा. पाइप सॉल्व्हेंट सिमेंटने पक्का चिकटतो, एल्बो आणि टी हे जोडाचे तुकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पण पीव्हीसी पाण्यापेक्षा जड असतं, टोकं बंद करून आत हवा कोंडली नाही तर हातातून सुटलेला तुकडा तळाला जातो. बोर्ड एचडीपीई या प्लॅस्टिकचा असला तर तरंगतो आणि ओला होऊन फुगत नाही. मात्र त्याला गोंद धरत नाही. स्टेनलेसचे बोल्टच लागतात, आणि बोल्ट आला की त्याचं उघडं टोक आलं. त्यावर डोम नट (गोल टोपीचा नट) लावा, बोर्डाचे कोपरे गोल करा आणि खाली निओप्रीनचा (मऊ रबराचा) तुकडा घाला. एवढं करून बोर्ड पट्ट्यांनी ट्यूबच्या डी-रिंगला (पट्टे अडकवायच्या कडीला) बांधायचा. ट्यूबला भोक पाडायचा विचारही नको.

फिश फाइंडरसाठी दोन्ही एकत्र वापरा. स्क्रीन बोर्डावर, ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात राहणारा त्याचा सेन्सर, अर्धा इंची पाइपाच्या दांडीवर. टीमधला एक सांधा मुद्दाम न चिकटवता ठेवा आणि त्यात आडवी पिन घाला, म्हणजे काठावर येताना दांडी वर वळवता येते. ट्रान्सड्यूसर फिन्सच्या वर येणार नाही एवढा बाजूला हवा. बॅटरीत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड स्वस्त पडते, पण वजन दोन किलोंच्या वर. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट साधारण किलोभर. मी लिथियमला पैसे घालीन. घट्ट झाकणाचा डबा, तारेच्या भोकाला केबल ग्लँड (पाणी आत न येऊ देणारी बूच) आणि बॅटरीलगत फ्यूज, एवढं पुरे.

नांगराच्या बाबतीत मात्र तयार वस्तूपेक्षा घरची सरस आहे. बाजारातला घडीचा आकडेवाला नांगर खडकांत छान अडकतो. पण ओढून वर घेताना ते लोखंडी आकडे तुमच्या मांडीजवळ, हवेच्या कप्प्याला लागून येतात. त्यापेक्षा जाळीची मजबूत पिशवी न्या आणि काठावरचे दोन-तीन किलो गोटे भरा. येता-जाता वजन शून्य. जोराच्या वाऱ्यात ही पिशवी घसरते, हे खरं. पण तेवढ्या वाऱ्यात ट्यूब नांगरून बसणंच धोक्याचं आहे. दोरी खोलीच्या किमान दुप्पट-तिप्पट ठेवा आणि फिन्समध्ये अडकणार नाही अशी बाजूने सोडा. तिच्या मोकळ्या टोकाला फ्लोट बांधा, म्हणजे घाईत सगळी सोडून दिली तरी नंतर सापडते. दोरी अडकवायचं क्लीट (खाचेचा आकडा) विकत आणा, घरगुती गाठ ओली झाली की सुटत नाही. निघताना गोटे तिथेच ठेवा आणि पिशवी धुऊन खडखडीत वाळवा. ओवेन्सच्या पाण्यात न्यूझीलंडच्या चिखल-गोगलगाई आहेत. त्या काही मिलिमीटरच्याच असतात आणि जाळीत बसून दुसऱ्या तळ्यात पोचतात.

मांडीवर पसरायच्या ॲप्रनला, मासा मोजण्यासाठी, इंचांच्या खुणा मार्करने घरी करून घ्या, त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

लाइफ जॅकेट, फिन्स आणि हवेचा व्हॉल्व्ह या तिन्ही गोष्टी चांगल्या प्रतीच्या आणि विकतच घ्या. जॅकेट अंगात घाला, मागे अडकवून ठेवू नका. फिन्सना घोट्याची दोरी हवीच, कारण उलट्या वाऱ्यात एक फिन निसटली तर काठावर परतणं फार कठीण होतं.