पट्टे आवळून हवा थांबत नाही : सीपॅप मास्कसोबत आठ महिने

अमळनेरला राहतो, वय 52. घोरणं असं की उन्हाळ्यात गच्चीवर झोपलो तर शेजारी आपली गादी गुंडाळून खाली जायचा. स्लीप स्टडीत तासाला 38 वेळा श्वास अडकतो असं निघालं आणि सप्टेंबरात सीपॅप घरी आलं, म्हणजे झोपेत श्वासाची वाट बंद पडू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन. मशीनबद्दल तक्रार नाही. 11 चा दाब लावून दिलाय, ते मुकाट काम करतं. रडवलं ते मास्कनं.

विक्रेत्यानं नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठ्या मापाचा मास्क दिला. "चेहरा भरलेला आहे तुमचा," एवढंच मोजमाप. खुर्चीवर बसवून, मशीन बंद ठेवूनच लावून दाखवला. छान बसला. घरी आडवा झालो, दाब चढला आणि हवा थेट डोळ्यांत. पट्टे आवळले. आणखी सुटली, आणखी आवळले. आठवड्यात नाकाच्या हाडावर फोड आला आणि सकाळी डोळे असे लाल की लोकांना भलतीच शंका यायची.

गोम अशी की मास्कच्या कुशनची, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ भागाची, कड पातळ असते आणि ती आतल्या हवेनंच फुगून कातडीला चिकटते. पट्टा आवळला की तिला सुरकुती पडते, हवा तिथूनच निघते. 1980 मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत सुरू केली तेव्हा मास्क रोज रात्री सिलिकॉननं नाकाला चिकटवायचे. पहिल्या महिन्यात मीही फेविकॉलचा विचार केला होता.

शेवटी कंपनीचा मापाचा कागद छापून आणला. तोंड किंचित उघडं ठेवून नाकाच्या वरच्या खोबणीपासून खालच्या ओठाखालपर्यंत मोजायचं. माप निघालं मधलं. म्हणजे गाल मोठे, पण मास्कला गालांशी फारसं देणंघेणं नाही.

आता रोज असं करतो : उशीवर डोकं टेकवायचं, मशीन पूर्ण दाबावर आणायचं, पट्टे ढिले. मग मास्क चेहऱ्यापासून बोटभर उचलून परत ठेवायचा, म्हणजे कड फुगून नीट बसते. त्यानंतर दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, फुसफुस थांबेल तेवढेच ओढायचे. जागा सापडली की वेल्क्रोवर स्केचपेननं खूण करून ठेवली.

मध्ये फक्त नाकावरचा छोटा मास्कही आणून पाहिला. त्याची खालची कड नेमकी मिशीवर येते आणि केसांतून हवा निघते. मिशी काढावी म्हटलं तर नाना 81 वर्षांचे, खाटेवरूनच गरजले, "मी जित्ता शे तोवर मिशीले हात लावू नको!" विषय संपला. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये मिशी आतच राहते, म्हणून तोच, मधल्या मापाचा, ठेवला.

तेलाचं मात्र आधी कुणीच सांगितलं नाही. रविवारी डोक्याला तेल चोपडून झोपलो की मास्क रात्रभर सरकायचा. आता तेल सकाळी, आणि झोपण्याआधी साबणानं तोंड धुणं सक्तीचं. कुशनही रोज सौम्य साबणानं धुतो. पहिलं कुशन मी गच्चीवर आपल्या मे महिन्यासारख्या कडक उन्हात वाळत टाकायचो, ते लवकरच ताठर झालं. दुसरं सावलीत वाळतं.

एक गंमत. मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून सूं आवाज येतो, सौ.नं गळती समजून एका रात्री त्यावर बोट दाबून धरलं. ती छिद्रं सोडलेला श्वास बाहेर जायलाच असतात, बुजवायची नाहीत. खरी गळती कडेला गार झुळूक लागते त्यावरून कळते. माझ्या मशीनमध्ये ती मिनिटाला 24 लिटरच्या आत असली की ठीक धरतात. मी बहुतेक रात्री 6-8 वर असतो आणि श्वास अडकणं तासाला 3 वर आलंय.

डाव्या कुशीवर अजून जमलेलं नाही. नळी ओढली जाते आणि मास्क तिरका होतो. सध्या जुन्या साडीच्या पट्टीनं नळी पलंगाच्या दांडीला डोक्याच्या वर बांधून ठेवली आहे, त्यानं निम्मा त्रास कमी झाला. उरलेल्या निम्म्यासाठी उजव्या कुशीवरच झोपतो.