जिब शीटचा ट्रॅक: बाजूच्या डेकवर की केबिनच्या टपावर?

घरी बांधायच्या होडीच्या आराखड्यात जिब शीटच्या (जिब म्हणजे डोलकाठीपुढचे तिकोनी शीड, शीट म्हणजे ते ओढून धरणारी दोरी) ट्रॅकची, म्हणजे त्या दोरीची कप्पी पुढेमागे सरकवण्याच्या पट्टीची, जागा बहुधा एका तुटक रेषेने दाखवलेली असते. ती रेषा आराखडा करणाऱ्याच्या मनातल्या शिडाची असते; आपण शिवून घेतलेल्या जिबचा मागचा कोपरा त्याहून हातभर वर किंवा खाली आला, तर ती निरुपयोगी ठरते. म्हणून ही जागा शेवटी बांधणाऱ्यालाच ठरवावी लागते. माझी होडी साडेअठरा फुटांची, मरीन प्लायची आणि एका डोलकाठीची आहे. पहिला हंगाम तिचा ट्रॅक बाजूच्या डेकवर होता आणि पुढचे तीन हंगाम तो केबिनच्या टपावर आहे. होडी, शीड आणि चालवणारी माणसे तीच राहिल्यामुळे दोन्हींबद्दल थोडेफार खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

प्रश्न मुळात कोनाचा आहे. जिबच्या पुढच्या कोपऱ्यापासून होडीच्या मध्यरेषेवर जेवढे अंतर मागे जावे, त्या अंतराच्या तुलनेत शीटचा ब्लॉक (कप्पी) मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, यावरून हा कोन ठरतो. माझ्या होडीत ब्लॉक पुढच्या कोपऱ्यापासून 2.6 मीटर मागे येतो, त्यामुळे एक अंश म्हणजे जवळपास साडेचार सेंटिमीटर. डेकच्या अगदी कडेला, 90 सेंटिमीटरवर ट्रॅक लावला असता तर कोन 19 अंश झाला असता, आणि एवढ्या कोनात वाऱ्याच्या तोंडी चढण्याची आशाच सोडावी लागते. बाजूच्या डेकवर केबिनच्या भिंतीलगत मला 62 सेंटिमीटर, म्हणजे साडेतेरा अंश मिळाले. टपावर 48 सेंटिमीटर, म्हणजे साडेदहा अंश. शर्यतीच्या होड्या आठ-नऊ अंशांपर्यंत आत जातात, परंतु हलक्या आणि रुंद होडीला तेवढा अरुंद कोन मानवत नाही, असे माझे मत झाले आहे.

बाजूच्या डेकची बाजू आधी मांडतो, कारण ती लहान नाही. वारा बाजूने किंवा तिरका मागून घेऊन जाताना तिथला ट्रॅक फार सुखाचा असतो. जिबची मागची कड मोकळी राहते आणि मेनसेलवर, म्हणजे डोलकाठीमागच्या मोठ्या शिडावर, उलटा वारा येत नाही. ज्यांची जिब डोलकाठीच्या मागे जाणारी, म्हणजे खरे तर जेनोआ आहे, त्यांना शीट शिराउडांच्या (डोलकाठीला बाजूने ताणून धरणाऱ्या तारांच्या) बाहेरूनच न्यावी लागते, आणि त्यांच्यासाठी टपाचा विचार संपतोच. तसेच जिबचा मागचा कोपरा खाली, डेकला जवळपास टेकणारा असेल, तर टपावरच्या ब्लॉकला खाली खेचायला जागाच उरत नाही. या दोनपैकी एक गोष्ट तुमच्या होडीला लागू असेल, तर बाजूच्या डेकवर ट्रॅक लावावा आणि निश्चिंत व्हावे.

माझी अडचण वेगळी होती आणि ती मांडव्याहून परतताना दर रविवारी समोर येई. हिवाळ्यात सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा, वारा आम्हांला मुंबईच्या गेटवेहून आरामात मांडव्याला पोहोचवतो. दुपारी वायव्येचा खारा, समुद्रावरचा, वारा सुरू होतो, आणि गेटवे मांडव्यापासून जवळपास उत्तर-वायव्येला असल्यामुळे परतीचा प्रवास पूर्णपणे वाऱ्याच्या तोंडी होतो. अशा वेळी वारा आलटून पालटून एकेका बाजूने घेत तिरके जावे लागते; अशा प्रत्येक तिरक्या टप्प्याला टॅक म्हणतात. त्यातही दोन टॅक सारखे नसतात. डावीकडून वारा घेऊन सरळ उत्तरेला जाणारा टॅक लांब असतो आणि पश्चिमेकडचा आखूड, त्यामुळे दीड-दीड तास होडी उजव्या बाजूलाच कललेली राहते. नेमक्या याच वेळात वारा आठ नॉटांवरून चौदा-पंधरावर जातो आणि जिबचा वरचा भाग मोकळा करण्यासाठी उजवी कार (ट्रॅकवर सरकणारा, ब्लॉक धरणारा आणि ट्रॅकच्या भोकात पिनने अडकणारा भाग) दोन भोके मागे घ्यावी लागते.

ती मागे घ्यायची म्हणजे पत्नीने होडीच्या कललेल्या बाजूला उतरायचे. ताणाखाली पिनची कार हलत नाही, म्हणून मी शीट सैल सोडायची. जिब फडफडू लागायची. साठ किलो वजन नको त्या बाजूला गेल्याने डेकची कड पाण्यात जायची आणि फेरीबोटींनी उठवलेल्या दोन-तीन लाटा होडीला जागच्या जागी थांबवायच्या. ओल्या बोटांनी पिन वर ओढून धरायची, कार सरकवायची, पिन भोकात बसल्याचा आवाज ऐकायचा आणि मग परत वर चढायचे. यात अर्धा मिनिट जात असेल, पण होडी तेवढ्यात वाऱ्यापासून इतकी खाली ओढली जाई की दहा मिनिटांची मेहनत वाया गेल्यासारखे वाटे. मोकळ्या बाजूची कार आधी लावून ठेवून मग टॅक घ्यावा, हा उपाय पुस्तकी दृष्टीने बरोबर आहे. परंतु लांब टॅकच्या मध्यावर केवळ कारसाठी होडी वळवणे मनाला पटत नाही. दोरीने कॉकपिटमधून ओढता येणारी कार घेतली, तर माझी ही तक्रार बरीचशी दूर होईल, हेही मान्य करायला हवे. ती महाग पडते, आणि ज्यांना तो खर्च करायचा आहे त्यांनी माझ्या निष्कर्षाला थोडे कमी वजन द्यावे.

टपावरच्या ट्रॅकला केबिनच्या दारात, होडीच्या मध्यावर उभे राहून हात पोहोचतो. शीट क्षणभर सैल केली की कार सरकते आणि कोणाचेही वजन हलत नाही. बाजूचे डेक पुढे जाण्यासाठी मोकळे होतात, हा आणखी एक लाभ. होडी वाऱ्याला अधिक जवळून चालते असे मला जाणवते; बंदराच्या तोंडाशी पूर्वी जो एक जादा टॅक घ्यावाच लागे, तो आता पुष्कळदा टळतो. मी मोजमाप केलेले नाही, आणि भरतीचाही त्यात वाटा असू शकेल.

उणिवा आहेत. लाटांमध्ये शीट जरा जास्त ओढली की मेनसेलची पुढची कड आत फुगते आणि होडी मंदावते. तेव्हा पाच सेंटिमीटर सोडून द्यावी लागते. वारा बाजूने आला की जिबची मागची कड आत वळते. त्यावर शीटमध्ये कडी अडकवून ती दोरीने डेकच्या कडेकडे खेचण्याची युक्ती पुरेशी आहे. सॅन डिएगोच्या बार्बर बंधूंच्या नावावरून तिला बार्बर हॉलर म्हणतात. सर्वांत गंभीर उणीव म्हणजे टपातले प्रत्येक भोक झोपायच्या जागेच्या वर येते. ते 12 मिलिमीटरचे पाडून, घट्ट इपॉक्सीने भरून, मग त्यातून 6 मिलिमीटरचे भोक पाडावे आणि खालून 18 मिलिमीटर प्लायची पट्टी चिकटवावी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शीटवरचा ताण चौपट होतो, आणि हा ताण ट्रॅकला वर उपटणारा असतो, म्हणून नुसत्या स्क्रूंवर विसंबू नये.

टपावर ट्रॅक लावताना आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ब्लॉकची जागा जिबच्या पुढच्या कडेच्या मध्यावरून मागच्या कोपऱ्यातून ओढलेल्या रेषेवर येते, आणि टप उंच असल्यामुळे ती रेषा तिथे लवकर टेकते. माझा ट्रॅक त्यामुळे डेकवरच्या जागेपेक्षा बराच पुढे आला. आणि ट्रॅक मध्यरेषेला समांतर न लावता जिबच्या पुढच्या कोपऱ्याच्या रोखाने तिरका लावावा. समांतर ट्रॅकवर कार 20 सेंटिमीटर मागे नेली की साडेदहाचा कोन पावणेदहावर येतो, म्हणजे नेमक्या जोराच्या वाऱ्यात शीट आणखी आत जाते.

भोके पाडण्याआधी निदान तीन-चार फेऱ्या ब्लॉक दोरीने बांधून कराव्यात. होडी हळूहळू वाऱ्याकडे न्यावी आणि वारा कसा वाहतो ते कळावे म्हणून जिबवर वर-खाली लावलेल्या लोकरीच्या धाग्यांकडे पाहावे. वरचा धागा आधी फडफडला तर ब्लॉक पुढे घ्यावा, खालचा आधी फडफडला तर मागे, आणि दोन्ही एकदम फडफडतील तिथे खडूने खूण करावी. मी ही खूण ट्रॅकच्या मध्याच्या किंचित पुढे धरली, कारण वाढत्या वाऱ्यात कार मागेच घ्यावी लागते. मांडव्याहून निघताना ती पुढून चौथ्या भोकात असते आणि गेटवेला पोहोचेपर्यंत सहाव्या.